‘वेगळं’ कोरलेला गिलास

गिरजाकाकूंनी कुणाला माफ केलेलं मी तरी कधी पाहिलं नाही. आणि खरं सांगू का, त्याच्यासाठीच मला त्या आवडायच्या.

त्या गेल्या तेव्हा भेटायला आलेल्या बायका डोळ्याला पदर लावून म्हणत होत्या, "लई मायाळू बाई. कुणाबद्दल मनात कायबी ठिवलं न्हाई कधी." मी कोपऱ्यात बसले होते. मला असं हसू फुटायला लागलं की ते रडण्यात खपवावं लागलं. मनात ठेवलं नाही? अहो, त्या बाईचं मन म्हणजे भांड्यांची मांडणी होती. कोण काय बोललं, कुणी पंगतीत हात आखडून वाढलं, कुणी लग्नात बघून न बघितल्यासारखं केलं, सगळं घासूनपुसून ज्या-त्या फळीवर लावलेलं. वेळ आली की बरोबर हात घालून तेवढंच भांडं काढायच्या.

आम्ही गेवराईत शेजारी, भिंतीला भिंत. माझं शिवणकाम, आणि मशीन खिडकीशी, त्यामुळं गल्लीत कोण आलं नि कोण गेलं हे मला इच्छा नसली तरी दिसतंच. (इच्छा असतेच, ते सोडा.) काकूंचं घर लिंगायत वाण्याचं. पुढं पूजेच्या सामानाचं दुकान, मागं राहायचं. दुकान आणि घर, दोन्हींवर हुकूम थोरल्या जाऊबाईंचा, महानंदाआक्कांचा. आक्कांचे मालक बारा महिने निवडणुकीच्या गाडीत. काकूंचे मालक शिवाप्पाकाका दुकानात बसायचे, पण माणूस इतका गरीब की गिऱ्हाईकानं उदबत्तीचा पुडा घेतला तर हेच हात जोडायचे.

काकू मूळच्या धारूरच्या, किल्ल्याच्या गावच्या. उंचीनं बेताच्या, हाडानं काटक, नाक मात्र धारदार, आणि ते नुसतं दिसायला नव्हतं. माझ्या खोलीत पाऊल टाकताच म्हणायच्या, "रंजे, आज वांग्याला कोळशाची धग लागली वाटतं," आणि भाजी खरंच करपलेली असायची. रागाचा विषय निघाला की त्यांचं एकच म्हणणं, "आमी किल्ल्याखालची मान्सं. आमाला येढा द्याया येतो. उठवाया न्हाई येत."

पण त्यांच्या बदल्याला शिस्त होती, ती कुणी बघितली नाही. गिरणीवाल्याचं सांगते. काकूंनी नवा शाळू दळायला टाकला होता. त्यानं त्यात कुणाची तरी जुनी, कुबट ज्वारी मिसळून दिली. दुसरी कुणी असती तर गिरणीपुढं उभी राहून गल्ली गोळा केली असती. काकू काही बोलल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी दुपारी त्याच पिठाच्या दोन भाकरी थापल्या, वर ठेचा ठेवला, फडक्यात बांधून मला घेऊन गिरणीत गेल्या आणि त्याच्यापुढं बसल्या.

"खा."

"कशाला काकू, जेवण झालंय माझं."

"तुमच्या गिरणीचं पीठ हाय. तुमी न्हाई खाल्लं तर कुणी खावं?"

दोन्ही भाकरी त्याला संपवायला लावल्या. पाणीसुद्धा मधे पिऊ दिलं नाही. त्याची बायको बाजूला चाळण घेऊन बसली होती, तिला वाटलं आता आपली पाळी. तर काकूंनी दुसऱ्या फडक्यातून तिला चांगल्या पिठाची मऊ भाकरी काढून दिली. येताना मी विचारलं, तिला का वेगळी? तर माझ्याकडं असं बघितलं की जणू मीच बावळट.

"तिनं काय केलंय? ज्याचं त्यालाच."

हे ‘ज्याचं त्यालाच’ ध्यानात ठेवा. काकूंचं सगळं त्यातच आहे.

आता कपाळाचं. काकू रोज अंघोळ करून लिंगपूजा करायच्या आणि उजव्या हाताच्या तीन बोटांनी कपाळावर भस्माचे तीन पट्टे ओढायच्या. आधी ते साधं, शेणीचं भस्म असायचं. मग आक्कांच्या डोक्यात आलं की आजकाल लोकांना सगळं वासाचं लागतं. त्यांनी कुठून तरी वासाच्या तेलाची पिंपं आणली, माळ्यावर ठेवली, आणि भस्मात ते तेल मिसळून ‘सुगंधी भस्म’ म्हणून पुड्या काढल्या. भस्म धडाक्यानं खपलं. घरात तेच, दुकानात तेच.

थोड्याच दिवसांत काकूंच्या कपाळाला खाज सुटली. मग लाली, मग पाणी, मग खपल्या, आणि खपल्या पडल्या की खाली काळं. बरं, सगळ्या कपाळावर नाही. तीन पट्टे. जसं भस्म ओढावं तसे. आणि हाताची तीन बोटं, तीही फुटलेली. आता मला सांगा, हे बघून माणसाच्या लक्षात काय यायला पाहिजे? पण घरात आक्कांनी आवई उठवली, "पूजेत हयगय केली असंल. महादेवानंच डागलंय तिला." आणि एकदा देवाचं नाव निघालं की पुढं कुणी डोकं चालवत नाही.

काकूंच्या हाताला घरात मान होता. जंगमस्वामी, त्यांचे गुरू, घरी आले की त्यांना वाढायचं ते काकूंनीच. सणाला पुरणाचे कडबू त्यांनीच करायचे, भावकी म्हणायची गिरजाच्या हाताची चव दुसऱ्या कुणाला नाही. तो हात आक्कांनी चुलीपासून तोडला. पाण्याच्या माठाला शिवायचं नाही. पीठ मळायचं नाही. भावकीतल्या बायका यायच्या, काकूंनी पाणी विचारलं की नेमकी त्याच वेळी कुणाला तहान नसायची. शिवाप्पाकाका रात्री हळूच काकूंच्या हातचं पाणी प्यायचे. दिवसा नाही. मला तर त्यांचाच जास्त राग यायचा, पण काकू म्हणायच्या, "त्यांचं सोड. ते भेतेत. भेणाऱ्याचा काय बदला घ्यायचा?"

मग आक्का बाजारात गेल्या आणि काकूंसाठी निराळं ताट, तांब्या आणि गिलास घेऊन आल्या. भांडीवाला भांड्यावर नाव टाकून देतो, ती आपल्याकडची रीतच. त्यानं विचारलं, नेहमीसारखं मालकांचं नाव टाकू का? आक्का म्हणाल्या, "न्हाई न्हाई, हे वेगळं टाका." भांडीवाला आज्ञाधारक माणूस. त्यानं मशीन फिरवलं आणि तिन्ही भांड्यांवर सुबक अक्षरात कोरलं, ‘वेगळं’.

चूक होती, कबूल. पण आक्कांनी ती परत नेऊन दुरुस्त नाही केली. वाचून हसल्या आणि म्हणाल्या, "बरोबर टाकलंय की."

काकूंनी तो गिलास मला आणून दाखवला होता. मी मशीन थांबवलं. मला वाटलं आता रडतील, मी पदर सुद्धा पुढं केला. रडल्या नाहीत. अक्षरांवरून बोट फिरवत म्हणाल्या, "रंजे, ह्यो गिलास मी जपणार हाय. ज्या हातांनी आणला त्याच हातांत देईन. आन् त्याच्यातलं पाणी, माझ्या हातचं, तिला प्यावं लागंल. त्याच्याआधी मी मरत नसते."

"कसं पाजणार?"

"ते मला काय की. येढा तर घालू."

त्यांनी मलमं बरीच लावली. लावली की बरं, सोडली की पुन्हा तेच. शेवटी मीच हट्ट धरला आणि आम्ही दोघी संभाजीनगरला कातडीच्या डॉक्टरीणबाईंकडं गेलो. तरुण पोरगी होती, पण तिनं काकूंच्या कपाळाकडं बघितलं, मग बोटांकडं बघितलं, आणि विचारलं, "मावशी, हे तीन बोटांनी काय लावता तुम्ही?" काकूंनी तीच बोटं कपाळावरून ओढून दाखवली, "भस्म."

तिनं तपासणी सांगितली. पाठीवर पट्ट्या चिकटवायच्या. पट्टीवर बारीक बारीक वाट्या, आणि प्रत्येक वाटीत एकेक निराळा पदार्थ. कशात लवंगेतला वासाचा अर्क, कशात दालचिनीतला, कशात गुलाबाच्या वासाच्या अत्तरात घालतात तो. आम्ही सोबत नेलेला साबण आणि दुकानातलं भस्मही तिनं दोन वाट्यांत लावलं. दोन दिवस पाठ भिजवायची नाही, घाम येऊ द्यायचा नाही, जड उचलायचं नाही. मग पट्ट्या काढून बघायचं, आणि पुन्हा दोन दिवसांनी बघायचं.

"सगळे वास एकत्र असले की कुणाचा दोष ते कळत नाही," ती म्हणाली. "म्हणून एकेक वेगळा करून लावायचा. ज्याचा त्रास असेल त्याच्याच जागी लाल उमटेल. बाकीच्या जागा स्वच्छ राहतील."

काकू ताठ बसल्या. "परत सांगा बरं."

तिनं परत सांगितलं.

"म्हंजे ज्याचं त्यालाच," काकू म्हणाल्या, आणि पाठ तिच्याकडं केली. कुठल्या पट्टीचं काय हे कळावं म्हणून डॉक्टरीणबाईंनी पाठीवर निळ्या पेननं चौकोन आखले, आकडे घातले.

परतीच्या एसटीत काकू खुशीत होत्या. पाठ टेकवता येत नव्हती म्हणून दांडा धरून बसलेल्या, पण तोंड सुरू. "वेगळं करायचं ते असं करावं, रंजे. आमच्या घरात ज्याला आग हुती त्यालाच भाईर बसवतेत. हिनं आग लावणारे भाईर बसवले."

पाठीला घाम येऊ नये, कापड घासू नये म्हणून मी त्यांना पातळ मलमलीचं सैल झंपर शिवून दिलं, मागं मोकळं, नुसत्या दोन नाड्या. वरून पदर. दुसऱ्या दिवशी काकू अंगणात सावलीला बसून केस विंचरत होत्या. केस वर घेतले, पदर घसरला. मागून आक्का येत होत्या. मी खिडकीतून सगळं बघितलं. आक्कांच्या हातातली परात खाली पडली.

"अगं बया! पाठीवर यंत्र काढलंय हिनं!"

आता चौकोन आणि त्यात आकडे, चिकटवलेल्या पट्ट्या. आक्का बिचाऱ्या दुसरं काय समजणार? भोंदूबाबा पत्र्यावर कोरून देतात ती यंत्रं अशीच असतात. काकूंनी मागं वळून सुद्धा बघितलं नाही. फणी केसांतून ओढत शांतपणे म्हणाल्या, "हाय."

"कुणी काढलं? कशाचं हाय?"

"ज्यानं माझं कपाळ नासवलं, त्याचं नाव उमटणार हाय पाठीवर. उद्या."

आणि ते खोटं नव्हतं! एक अक्षर खोटं नव्हतं. मी खिडकीत तोंडात कापडाचा बोळा कोंबून बसले होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही निघायच्या आत दुकानापुढं आक्कांनी मागवलेला टेम्पो लागला. माळ्यावरची पिंपं पोत्यात गुंडाळून खाली यायला लागली. घाईत एक पिंप पायरीवर आपटलं, त्याचं बूच उडालं, आणि आमच्या गल्लीत केवडा-गुलाब-मोगरा सगळा एकदम लोटला. नाक धरून लोक बाहेर आले. पलीकडचा सायकलवाला ओरडला, "आक्का, कुणाचं लगीन हाय सकाळ-सकाळ?" गल्लीला पुढं आठवडाभर तो वास होता, म्हशीसुद्धा तिकडून जाताना मान फिरवायच्या.

त्या गडबडीतच आक्का काकूंच्या खोलीच्या दारात आल्या. हातात साध्या कागदातली पुडी. चेहरा गोड केलेला. "गिरजा, आजपासून हे भस्म लावत जा. ह्यात काय न्हाई."

काकूंनी पुडी घेतली नाही. "म्हंजे त्यात व्हतं."

आक्का गडबडल्या. "तसं न्हाई गं. मला काय ठाऊक? तो चकलांब्याचा म्हातारा पुडी परत करून गेला, कपाळ जळतंय म्हणला, तवाच मला वाटलंतं की..."

आणि तिथं त्यांनी तोंड मिटलं. पण निघून गेलं होतं.

"म्हातारा कवा आलता, आक्का?"

आक्का पुडीची घडी उलगडायला लागल्या.

"शिमग्याच्या आधी आलता. मी ओट्यावर भाजी निवडत बसलेते. तुमी त्याला दोन गोड शब्द सांगून लावून दिलंत. आन् गिलास कवा आणला? शिमग्याच्या नंतर." काकूंचा आवाज चढला नव्हता, उतरला होता. "म्हंजे तुमाला म्हाईत व्हतं. म्हाईत असून तुमी देवाचं नाव घेतलं. म्हाईत असून गिलास कोरला."

गल्लीत केवड्याचा वास कोंदलेला आणि दारात या दोघी. मला वाटलं, काकू आता हिच्या झिंज्या उपटतील. माझे तर हात शिवशिवत होते. काकूंनी फक्त पदर सारखा केला आणि मला हाक मारली, "चल रंजे, गाडी चुकंल."

डॉक्टरीणबाईंनी पट्ट्या सोडल्या. दोन ठिकाणी लाल, बारीक पुरळ उठलेलं. एक अत्तरांत घालतात त्या मिश्रणाच्या जागी, दुसरं आमच्या भस्माच्या जागी. नंतरच्या तपासणीला तेच आणखी ठळक. साबण, लवंग, दालचिनी सगळे निर्दोष सुटले. काकूंना पाठ दिसेना, म्हणून मी फोनवर फोटो काढून दाखवला. त्यांनी तो बोटांनी मोठा करून करून बघितला. इतक्या कौतुकानं कुणी नातवाचासुद्धा फोटो बघत नसेल.

वासाच्या वस्तू बंद झाल्या आणि कपाळ हळूहळू निवळलं. बोटं मऊ झाली. आणि मग सुरू झाली समजूतदार माणसांची रांग. अशी माणसं जखम होताना कुठं असतात मला ठाऊक नाही, पण जखम भरली की बरोबर येतात. "जाऊ दे गिरजा, मोठ्या जाऊ हायत." "घर एक ऱ्हावं." शिवाप्पाकाका म्हणाले, "झालं गेलं गंगेला मिळालं."

"गंगेला मिळालं असंल," काकू म्हणाल्या. "आपली गोदावरी हितं हाय. तिला मी इचारलं, ती न्हाई म्हणली."

त्यांनी वाटणी मागितली. भावकी बसली. त्या घरात चार पिढ्यांत कुणी वेगळं निघालं नव्हतं आणि त्याचा भावकीला भारी अभिमान. सगळ्यांत वडीलधारे आप्पा मिशीवर हात फिरवत म्हणाले, "सूनबाई, आपल्यात वेगळं निघायची रीत न्हाई."

काकू आत गेल्या, गिलास घेऊन आल्या आणि सतरंजीवर मधोमध ठेवला.

"रीत आक्कांनी पाडली. वाचा, आप्पा."

आप्पांनी चष्मा लावला. गिलास फिरवून वाचला, "वे-ग-ळं."

"लिहून दिलंय की न्हाई? तेबी कागदावर न्हाई, स्टीलवर. कागद फाटंल, हे पुसत न्हाई."

कुणीतरी फुसकन हसलं आणि मग सगळी बैठकच हसली. आप्पासुद्धा. हसलेल्या माणसाला ‘नाही’ म्हणणं जड जातं. दुकानाचा अर्धा ओटा आणि मागच्या दोन खोल्या काकूंच्या झाल्या. मग काकूंनी तांब्याभर पाणी आणलं आणि एकेकाला दिलं. आप्पा प्यायले. बाकीचेही प्यायले, घटाघटा. आक्कांपुढं गिलास धरला तर त्या मान वळवून म्हणाल्या, "मला तहान न्हाई."

"लागंल कधीतरी," काकू म्हणाल्या आणि गिलास परत नेला.

तिथून पुढं पाच-सहा वर्षं वेढा चालला. काकूंनी आपल्या अर्ध्या ओट्यावर पाटी लावली, ‘बिनवासाचं भस्म मिळेल’. बस, एवढंच. कुणी विचारलं की बिनवासाचं का, की काकू त्याला बसवून घ्यायच्या आणि कपाळ दाखवून सगळी कथा सांगायच्या, आक्कांना ऐकू जाईल अशा आवाजात. हळदीकुंकवाला कुणी अत्तराची कुपी पुढं केली की उलटा हात मागं घ्यायच्या: "मला नगं. माझ्या पाठीनं साक्ष दिलीय." घरात रोज सकाळी राख लावून तो गिलास घासायच्या. मी म्हणायची, काकू, अक्षरं झिजतील. "झिजू देत न्हाई. कडंकडंनं घासते."

आक्कांना गल्लीत भेटल्या तर ‘आक्का’ म्हणून नीट हाक मारायच्या, मान द्यायच्या, त्यांच्या मुलाच्या लग्नात राबल्या सुद्धा. लोकांना वाटलं मिटलं. मला ठाऊक होतं. कुठल्याही सणाला, कुठल्याही निमित्तानं काकू त्यांच्यापुढं तो गिलास भरून धरायच्या, आणि आक्का म्हणायच्या, तहान नाही.

मग त्या मुलाची बायको, शिवानी, नवी नवरी. तिचा बाप तिकडं माहेरी मोठा पुढारी, गाड्या-माणसं घेऊन फिरणारा. लग्नानंतर दोन-तीन महिन्यांत पोरीच्या पापण्या सुजल्या, मानेवर चट्टे उठले. ओढणी गुंडाळून बसायची. आक्कांनी आधी घरातल्या घरात झाकलं. पण पोरगी माहेरी फोन करायला लागली आणि आक्कांची झोप उडाली. बापानं येऊन "माझ्या लेकीला काय केलंत" विचारलं तर काय सांगणार, महादेवानं डागलं?

बाजाराचा दिवस होता, ऐन उन्हाची दुपार. मी काकूंकडं काजं करत बसले होते. आक्का आल्या, मागं शिवानी. आक्का उंबऱ्यातच उभ्या.

"गिरजा, त्या डॉक्टरीणबाईचं नाव काय गं?"

काकू त्यांच्याकडं बघतच नव्हत्या. त्यांनी पोरीला जवळ घेतलं, हनुवटी धरून उजेडात चेहरा फिरवला. "काय लावतीस गं? तेल, पावडर, केसाला काय?" पोरगी सांगत गेली. लग्नात आलेल्या वासाच्या बाटल्या, आक्कांनी दिलेलं सुगंधी तेल. काकूंनी तिला आपल्या खाटेवर बसवलं आणि साध्या गिलासातून पाणी दिलं. तिनं ते एका दमात संपवलं.

मग काकू आक्कांकडं वळल्या.

"हिला गिलास केला का, वेगळा?"

"न्हाई."

"कावून?"

आक्का उंबऱ्यातली चप्पल पायानं सरळ करायला लागल्या.

"मी सांगते. हिचा बाप मोठा हाय. माझा बाप धारूरला हळदीचं पोतं पाठीवर वाहायचा." मला वाटतं, त्या दिवशी पहिल्यांदाच त्यांचा आवाज फाटला. "बसा, आक्का. उन्हातनं आलात."

फळीवरून तो गिलास काढला. माठातून काठोकाठ भरला. आणि दोन्ही हातांनी, मान देऊन, आक्कांपुढं धरला.

आक्कांनी तो घेतला. घेताना अंगठ्यानं हळूच फिरवला, अक्षरं पलीकडं जावीत म्हणून. काकूंनी बोट लावून परत फिरवला. शिवानीला काही कळत नव्हतं, ती सुजल्या डोळ्यांनी एकदा सासूकडं, एकदा काकूंकडं बघत होती. आक्कांनी तिच्याकडं बघितलं. मग अक्षरांकडं. मग गिलास तोंडाला लावला. घसा वर-खाली होताना मी बघत होते, आणि माझ्याही नकळत मोजावं तसं ओठ हलवत होते. तळापर्यंत प्यायल्या.

"अजून देऊ?"

"नको."

"बरं." काकूंनी लगेच माझ्याकडं बघितलं. "रंजे, माझं ते मागं मोकळं झंपर काढ. पोरीच्या मापाचं कर. उद्या सकाळच्या गाडीनं मी घेऊन जाते हिला." आणि पोरीला म्हणाल्या, "भेऊ नगं. पाठीवर चौकोन काढतेत, दुखत न्हाई. ज्याचं त्याला उमटतं."

आक्का उठल्या. डोळे भरले होते. काकूंचा हात धरायला गेल्या. "गिरजा, मोठ्या मनानं..."

काकूंनी हात काढून घेतला. "इलाज पोरीचा हाय. गिलास तुमचा हाय. तुमीच आणलाता, तुमीच न्या. मोठं मन मला न्हाई, आक्का. मी धाकटी हाय."

आक्कांनी रिकामा गिलास उचलला आणि पदराखाली घेऊन उंबरा ओलांडला. काकू त्यांच्या मागोमाग दुकानाच्या दारापर्यंत गेल्या. बाहेर बाजाराची गर्दी, समोरच्या ओट्यावर भाजीवाल्या बायका, सायकलवाला, सगळे.

"आक्का," काकूंनी हाक मारली, नेहमीसारखी, मानानं. "पदराखाली कावून? नाव दिसू द्या की."

आक्का थांबल्या. मागं वळल्या नाहीत. मग पदराखालून गिलास बाहेर काढला, आणि तसाच हातात धरून त्या भर बाजारातून ओट्याला वळसा घालून आपल्या दाराकडं गेल्या. गिलासावर ऊन पडलं होतं.

काकू जागच्या हलल्या नाहीत. कपाळावर बिनवासाच्या भस्माचे तीन पांढरे पट्टे, एक हात चौकटीला. काकू म्हटलं की मला त्या तशाच दिसतात. आक्कांचं दार लागलं तेव्हा त्यांनी मोठा श्वास सोडला, आत आल्या, खाटेवर शिवानीशेजारी धपकन बसल्या.

"रंजे," म्हणाल्या, "मला पाणी दे गं. आता मला तहान लागली."